बाईसाहेब धक्क्यावर उभ्या आहेत

दि. ३ जून

चि. मगूस,

ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे. तू कशी आहेस हे विचारायची गरज नाही, रविवारच्या पुरवणीत तुझा अर्ध्या पानाचा फोटो आला होता. गाल भरलेत.

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांत पहिलं, आणि तेही टाइप केलेलं. पाकिटावर नुसतं 'मालकीण, लाँड्री'. पोस्टमन म्हणाला, "बहिणीचं आहे की नोटीस आहे?" मी म्हटलं, "उघडल्यावर कळेल." उघडल्यावरही नीटसं कळलं नाही.

आधी घरच्या बातम्या. जुना बॉयलर गेला, नवा घेतला, तो कमी ओरडतो. समोरच्या न्हाव्याने दुकान मुलाच्या हवाली केलं आणि आता दिवसभर माझ्या दारात खुर्ची टाकून बसतो. मागच्या खोलीची भिंत दर वर्षी रंगवते, दर वर्षी वाफेने तिचे पोपडे निघतात. तुझं स्टूल अजून तिथेच आहे. त्यावर मी स्टार्चचा डबा ठेवते.

आता पुरवणीतली मुलाखत. ती मी दोनदा वाचली, एकदा उभ्याने आणि एकदा बसून. तू म्हणालीस, "आमच्या घरात वाचनाचं वातावरण नव्हतं. मी एकटी मागच्या खोलीत बसून लिहायचे. एक मोठी बहीण आहे, ती कपड्यांना इस्त्री करते. तिला काही वाचून दाखवलं तर ती झोपून जायची." छान सांगितलंस. न्हाव्यानेही ते वाचलं आणि मला विचारलं, "तुम्ही खरंच झोपायचात?" मी म्हटलं, "हो, हातात तापलेली इस्त्री धरून."

तुला बहुतेक विसर पडलाय, म्हणून आठवण करून देते. मी टेबलाशी उभी असायचे, डावीकडे चुरगळलेल्या शर्टांचा ढीग, उजवीकडे घड्या. तू स्टुलावर, समोर खोक्यावर टाइपरायटर. मी बोलायचे, तू बडवायचीस. कॉलर करताना मी संवाद सांगायचे, बाह्या करताना वर्णन, आणि पाठीचा मोठा भाग आला की एखादं वादळ. मी थांबले की तू मान न उचलता म्हणायचीस, "मग?" लहानपणापासून तुझं तेच. आई गोष्ट सांगायला बसली की "मग, मग" करून तिला श्वास घेऊ द्यायची नाहीस, म्हणून तर बाबांनी तुझं नाव मगू पाडलं. आता तिकडे तुला मॅडम म्हणतात असं ऐकते.

आणि कसल्या गोष्टी त्या. साहेबाच्या राज्यातला हिंदुस्थान, छावण्या, जहागिऱ्या, झुंबराखालचे नाच, आणि दर तिसऱ्या प्रकरणात वादळात अडकलेले दोन जीव. यातलं तू काय पाहिलं होतंस आणि मी काय पाहिलं होतं? पालखीत बसून माणसाला धड रडता येतं का, हे बघायला आपण इस्त्रीच्या टेबलावरून चादर सोडून खाली बसलो होतो. तुझं डोकं टेबलाला आपटलं आणि तू खरंच रडलीस. ते रडणं मी तसंच्या तसं बाईसाहेबांना दिलं. बाईसाहेब म्हणजे आपली जहागीरदाराची थोरली लेक. आणि तो गोरा कप्तान, उन्हाने लाल होतो म्हणून आपण त्याला लाल्या म्हणायचो. पुस्तकातलं त्याचं इंग्रजी नाव एवढं लांब, की तूसुद्धा दर वेळी मागचं पान काढून बघायचीस. पुस्तकामागून पुस्तक ती दोघं एकमेकांसाठी झुरत राहिली, कारण प्रकाशकाने बजावलं होतं, "लग्न लावलंत तर दुकान बंद."

पुस्तकांवर आपण आईचं माहेरचं नाव टाकलं. तुझं नाही आणि माझं नाही, म्हणजे दोघींचं. त्या नावाने तू आता लोकांना सह्या देतेस.

तर शेवटची कादंबरी पुरवणीत दर रविवारी छापून येतेय, लाल्याचं जहाज बंदरात शिरलंय, आणि तुझ्याकडे पुढे सांगायला काही नाही. तू लिहितेस, "ताई, थोडी दिशा दे." सहा वर्षं तू कशावर काढलीस ते मी ओळखून आहे. गेलीस तेव्हा मी सांगून ठेवलेली चार पुस्तकं तुझ्या ट्रंकेत टाइप करून तयार होती. ती आता संपली.

देते. का देते ते विचारू नकोस. अट एकच, मी सांगेन तसं छापायचं, शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. पहिलं प्रकरण सोबत आहे, पुढची दर आठवड्याला पाठवीन. हाताने लिहिलंय. अक्षर लागलं नाही तर नवऱ्याला वाचून दाखवायला सांग, त्याला माझं अक्षर लागतं.

बाबांबद्दल तू एका अक्षराने विचारलं नाहीस. मीही लिहीत नाही.

तुझी,
ताई


दि. २० जुलै

चि. मगूस,

आशीर्वाद. या वेळी पत्र हाताने लिहिलंस, म्हणजे घाबरलीस.

तू विचारतेस, "बाईसाहेबांना ही धाकटी बहीण कुठून आली?" अगं, ती होतीच. दुसऱ्या पुस्तकात पालखीचा पडदा कोण धरतं? धाकटी. लाल्या पहिल्यांदा घोड्यावरून उतरतो तेव्हा जिन्यात कोण उभं असतं? धाकटी. तूच टाइप केलंस की. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण ती कधी बोलायची नाही, नुसती थोरलीकडे काय आहे ते बघत असायची. मी फक्त तिला पुढे आणलं.

"लाल्या तिच्याशी लग्न करतो हे वाचकांना पटणार नाही," असंही तू म्हणतेस. पटलं की. मागच्याच्या मागच्या रविवारी ते प्रकरण आलं आणि सोमवारी शाळेतल्या बाई कपडे न्यायला आल्या, त्या काउंटरवर कोपर टेकून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "त्या धाकटीचा गळा दाबावासा वाटतो हो." मी म्हटलं, "पावती द्या." पण दिवसभर मला इतकं बरं वाटत होतं की एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोनदा इस्त्री केली. न्हावी मात्र लाल्याच्या बाजूचा. तो म्हणतो, "पुरुष माणूस, गोंधळला असेल." मी त्याला खुर्ची उलटी फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसायला लावलं.

छापून गेलेलं परत घेता येत नाही, हे तुझ्या फार उशिरा लक्षात आलं. पुस्तक असतं तर तू खोडून टाकलं असतंस. पण दर रविवारी छापायचं म्हणजे डागावरून गरम इस्त्री फिरवण्यासारखं आहे, एकदा फिरली की तो डाग कपड्याचाच. आता साऱ्या वाचकांना धाकटी माहीत झालीय.

हिरव्या कोटाबद्दल तू काही विचारलं नाहीस. पण पत्रात कोटाच्या प्रकरणाचा उल्लेख येतो तिथून पुढे तुझं अक्षर बिघडलंय. हो, बाईसाहेबांना मी धक्क्यावर उभं केलंय ते बाटलीहिरव्या मखमली कोटात. गळ्याशी चांदीचा आकडा होता, तो तुटला, म्हणून त्या जागी साधं काळं बटण. वाचकांना ते नुसतं वर्णन. तो कोट कुणाचा होता ते तुला आणि मला माहीत आहे.

वकिलीणबाईंचा. वर्षातून एकदा वाफ द्यायला आपल्याकडे यायचा. नवव्या पुस्तकाच्या वेळी चित्रकार मुखपृष्ठ करायला आला आणि म्हणाला, असा जुना लांब कोट घातलेली बाई समोर उभी राहिली तर काम सोपं होईल. कोट खुंटीवरून तू काढलास. माझ्या खांद्यावर तू घातलास. वर म्हणालीस, "तुला शोभतो गं, तू उंच आहेस." मी उभी राहिले. आपल्यात ते नेहमीचंच होतं, गिऱ्हाइकाचे कपडे अंगावर चढवून बघितल्याशिवाय आपल्याला माणसं सुचायचीच नाहीत. न्यायाधीशांचा काळा डगला घालून तू किती वेळा मला फाशी दिलीस. पण ते आरशापुरतं असायचं, बाबा यायच्या आत सगळं परत घडीत. अंगावर घालून चित्र काढून घ्यायचं, एवढी अक्कल गहाण टाकली ती तेवढी एकदाच.

चित्र सुरेख झालं. इतकं सुरेख, की त्यात काळं बटणसुद्धा आलं. पुस्तक दुकानाच्या काचेत लागलं, वकिलीणबाईंनी बटण ओळखलं, आणि पुस्तक विकत घेऊन त्या तशाच आपल्या काउंटरवर आल्या. बाबांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी आपल्या दोघींना हाक मारली आणि विचारलं, "हा कोणी घातला?" तू म्हणालीस, "ताईने."

खोटं नाही बोललीस. पण त्याच्यापुढे अजून एक वाक्य यायला हवं होतं आणि तू मूग गिळून बसलीस. मी तुझ्याकडे बघत उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा "मग?" म्हणायची पाळी माझी होती, आणि मी ते मनातल्या मनात म्हणत राहिले. मला वाटलं, आता सांगशील, आता सांगशील. वकिलीणबाई गेल्या, बाबा आत गेले, तू हात धुवायला गेलीस.

पुढचं तुला ऐकून माहीत असेल किंवा नसेल. गावभर झालं की या लाँड्रीत कपडे टाकले तर मुली अंगावर घालून मिरवतात. अर्धी गिऱ्हाइकं गेली. बाबांनी मला काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत बसवलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. तू त्याच हिवाळ्यात निघून गेलीस, टाइपरायटर घेऊन आणि चित्रकाराला घेऊन.

त्याच्याबद्दल मी काही लिहिणार नव्हते. आता आलंच आहे तर एवढंच लिहिते. चित्र काढत असताना तो मला म्हणाला होता, "पुस्तक बाहेर आलं की तुमच्या बाबांशी बोलतो. मान जरा डावीकडे." हे जगात मी फक्त तुला सांगितलं होतं, एका शर्टाची पाठ करता करता. तू काय विचारलं होतंस आठवतं? "मग?" मला वाटलं, तुला माझ्यासाठी आनंद झालाय.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांना पाणी मी पाजायचे. ते पेल्याकडे बघायचे, माझ्याकडे नाही. तुझं एक पोस्टकार्ड आलं असतं, "कोट मी काढला होता" एवढ्या एका ओळीचं, तर ते त्यांच्या उशाशी बसून मी मोठ्याने वाचलं असतं. तुझ्याकडून पुष्पचक्र आलं. प्रकाशकाच्या नावाची पट्टी लावलेलं.

असो. आता तू शेवटचं प्रकरण मागतेस. देत नाही. बाईसाहेब धक्क्यावर उभ्या आहेत, लाल्या आणि धाकटी जहाजाच्या शिडीवर आहेत, आणि धाकटी म्हणतेय, "ताई, मला माफ कर." इथपर्यंत छापून झालंय. पुढचं मला माहीत आहे आणि तुला नाही. तू लिहून बघ. पुरवणीला सांगितलंसच आहे की एकटी लिहितेस.

घाई मात्र कर, कारण माझ्याकडे छापील निमंत्रण आलंय. लेखिकेच्या जन्मगावी, मुलींच्या शाळेच्या सभागृहात, वाचकांशी गप्पा आणि 'अखेरच्या प्रकरणाचे लेखिकेच्या मुखातून प्रथमच वाचन'. तोवर पुरवणीत मालिका थांबवलीय. प्रकाशकाला डोकं आहे. गावातल्या झाडून सगळ्या दुकानांना निमंत्रणं गेलीत, म्हणून मलाही आलं. मी येणार आहे. दुकान बंद ठेवून येणार आहे.

ताई


दि. १० ऑगस्ट

मगू,

कालच्या कार्यक्रमाबद्दल लिहिते. तू व्यासपीठावरून काय पाहिलंस ते मला ठाऊक नाही. मी तिसऱ्या रांगेतून काय पाहिलं ते वाच.

सकाळचा कार्यक्रम असून सभागृह भरलं होतं, वर्गातली बाकं आणून मागे टाकली होती. तुझा पोशाख राखाडी, कापड उंची, पण पाठीला चुण्या. गाडीत टेकून बसली असशील. तुझा नवरा बाजूच्या दाराशी उभा होता. त्याला बघून मला काहीतरी होईल म्हणून मी सकाळी नीट खाल्लंही नव्हतं. काही झालं नाही. केस विरळ झालेत आणि कॉलर एका बाजूने दुमडली होती, ती दुमड मात्र मला कार्यक्रमभर टोचत राहिली.

तू तुझं प्रकरण वाचलंस. धाकटी माफी मागते, बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्या तिला पोटाशी धरतात, ढग बाजूला होतात, जहाज सुटतं. दीड पान. टाळ्या पडल्या, पण उरकल्यासारख्या. मग शाळेतल्या बाई उठल्या. त्या चांगल्याच रागावल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, मी बाईसाहेबांना पहिल्या पुस्तकापासून ओळखते. तिसऱ्या पुस्तकातल्या वादळात त्यांनी सख्ख्या काकाला दार उघडलं नाही. आणि ही सवत झालेली बहीण, तिला एका वाक्यात पोटाशी धरतात? त्या अशा नाहीत हो." तू पाणी प्यायलीस. म्हणालीस की पात्रं कधी कधी लेखकाचं ऐकत नाहीत. मागच्या बाकावरून कुणी पुरुष म्हणाला, "हे दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखं वाटतं." लोक हसले. तूही हसलीस, कारण दुसरं काय करणार.

मी सहज उठले असं लिहिणार होते. पण तुझ्याशी कशाला खोटं बोलू? उठायचं ठरवूनच आले होते. तीन आठवडे ठरवत होते. काय बोलायचं, तुला कसं उघडं पाडायचं, कोटाचं आधी सांगायचं की मुलाखतीचं, सगळं शर्टांवर पाणी शिंपडता शिंपडता घोकून ठेवलं होतं. उठले आणि त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. निघालं ते दुसरंच. हातात इस्त्री नव्हती म्हणून पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि नेहमीसारखी सांगायला लागले.

"धाकटी म्हणाली, ताई, मला माफ कर.  बाईसाहेबांनी गळ्याशी हात नेऊन ते काळं बटण चाचपलं. वारा सुटला होता तरी त्यांनी कोट आवळून घेतला नाही." तिथे मी दम घ्यायला थांबले.

आणि माइकमधून, साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं, तू म्हणालीस, "मग?"

तुला कळलंही नाही, मगू. मी तुझ्याकडेच बघत होते. तू मान खाली घातली होतीस, निमंत्रणाची मागची कोरी बाजू पुढे ओढली होतीस आणि तुझं पेन चालत होतं. मला हसू आलं नाही. मी पुढे बोलत राहिले, आता थांबणं माझ्याही हातात नव्हतं. लाल्या शिडीवरून एक पायरी उतरला, पण बाईसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "मग?" खलाशी दोर सोडायला वाकले. "खलाशी किती?" तू विचारलंस, तसंच, टाइप करताना विचारायचीस तसं, मान न उचलता. मी म्हटलं, "दोन पुरेत." तू 'दोन' लिहून घेतलंस आणि म्हणालीस, "मग?"

कुणी हसलं नाही. शाळेतल्या बाई माझ्याकडे बघत होत्या, मग तुझ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. प्रकाशक खुर्चीतून अर्धवट उठून तसाच राहिला. पहिल्या रांगेतल्या वकिलीणबाई सगळं अंग वळवून मागे बघू लागल्या. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून बोलतात मोठ्याने. म्हणाल्या, "ही तीच. माझा कोट घालून उभी राहिलेली. गोष्टी ही सांगते होय?"

तेव्हा तू मान वर केलीस. पेन तसंच हातात. तुझा चेहरा त्या दिवशी बाबांसमोर झाला होता तसाच झाला, ओठ घट्ट मिटलेले. पण या वेळी जे निघायचं ते माइकमधून आधीच निघून गेलं होतं.

मी सांगितलं, "बाईसाहेब एक पाऊल पुढे आल्या. धाकटीच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या..." आणि थांबले. पिशवी उचलली आणि चालू लागले. मी दाराशी पोचले. मग मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "मग?" आणखी कुणीतरी म्हणालं. वळून बघितलं तर सगळे मला विचारत होते. एकटी तू गप्प होतीस.

बरं वाटलं का, असं तुझ्या मनात येईल. वाटलं. खूप बरं वाटलं. सहा वर्षं मी रोज ज्याची चव जिभेवर घोळवली ते अखेर खायला मिळालं. घरी आले, पोटभर जेवले आणि दुपारभरात शर्टांचा ढीग संपवला. न्हाव्याने उभ्या बाजारात सांगितलं की पुस्तकं आमच्या लाँड्रीत तयार होतात. एकदाच, संध्याकाळकडे, एका बाहीपाशी मी उगाच थांबले. सवयीने. कुणी काही विचारलं नाही, म्हणून ती बाही पुरी केली.

आज सकाळी दुकान उघडायच्या आत प्रकाशक दारात. पुढच्या रविवारची जागा कोरी आहे म्हणाला, काहीही अटी असोत म्हणाला. त्याला मी न्हाव्याच्या खुर्चीवर बसवून ठेवलं आणि माझी कामं केली. दुपारी तुझा नवरा आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "ती कालपासून रडतेय." मी म्हटलं, "पावती आहे का? पावतीशिवाय आम्ही काही देत नाही."  माझ्या मागे भिंतीवर बाबांचा फोटो आहे, त्याकडे बघत होता. मग गेला. कॉलर अजून तशीच होती.

आणि संध्याकाळी वकिलीणबाईंकडून कोट आलाय. वाफ द्यायला. सहा वर्षांनी पहिल्यांदा. शुक्रवारी न्यायला त्या स्वतः येणार आहेत, अकरा वाजता, त्या वेळी दुकानात गर्दी असते.

आता नीट ऐक. शेवटचं वाक्य माझ्याकडे आहे. बाईसाहेब धाकटीला काय म्हणाल्या ते. ते मी कागदावर उतरवलेलं नाही आणि उतरवणार नाही, त्यामुळे ते चोरता येणार नाही. प्रकाशकाला पाठवू नकोस, नवऱ्याला पाठवू नकोस, पत्र लिहू नकोस. शुक्रवारी स्वतः ये. मागच्या दाराने नाही, पुढच्या. काउंटरवर वकिलीणबाई असतील, शाळेतल्या बाई असतील, न्हावी तर असतोच. बाबांच्या फोटोसमोर उभी राहा आणि त्या दिवशी जे वाक्य गिळलंस ते सगळ्यांदेखत म्हण. मोठ्याने म्हण, वकिलीणबाईंना ऐकू गेलं पाहिजे.

त्यानंतर मागे येऊन बस आणि मला विचार. "मग?" म्हणून विचार, तुझ्या स्वतःच्या तोंडाने, समजून उमजून. मला वाटलं तर सांगीन. बाईसाहेबांनी माफ केलं की माफी न देताच जहाजावर पाठवून दिलं, ते या पत्रात तुला कुठेतरी सापडेल म्हणून पुन्हा पुन्हा वाचत बसू नकोस. मी सापडू देणार नाही.

शुक्रवारी आली नाहीस तर रविवारी पुरवणीत ती जागा कोरी जाऊ दे. आईच्या नावाखाली कोरी.

स्टुलावरचा स्टार्चचा डबा मी खाली काढून ठेवलाय. त्याचा भलता अर्थ काढू नकोस, डबा रिकामा झाला होता.

एक मोठी बहीण,
इस्त्री करणारी,
अजून जागीच